हृदयाच्या पांच वेशी

जॉन बन्यनचें नांव काढलें कीं बहुतेक वाचकांपुढें एकच पुस्तक उभें राहतें. पाठीवर ओझें घेऊन घरांतून निघालेला त्याचा यात्रेकरू आमच्या भाषेंतही फार लौकर आला. हरि केशवजींचें ‘यात्रिकक्रमण’ १८४१ सालीं निघालें, तेव्हां मराठींत कादंबरी म्हणून कांहीं वस्तु जन्मासही आली नव्हती. या एका ग्रंथाच्या कीर्तीखालीं त्याच लेखकाचीं दुसरीं दोन पुस्तकें आमच्याकडे तरी पार दडपून गेलीं. एक ‘ग्रेस अबाउंडिंग’, १६६६ सालचें. दुसरें ‘द होली वॉर’, १६८२ सालचें. पहिलें आत्मचरित्र आहे, दुसरें रूपक. परंतु दोहोंचा विषय एकच, आणि तोही असा कीं ख्रिस्ती घरांतल्या वाचकांइतकेंच इतरांनाही त्याच्याशीं कर्तव्य आहे: माणसानें आपलें अंतःकरण तपासावें कसें आणि राखावें कसें. सोळा वर्षांच्या अंतरानें एकाच माणसानें या प्रश्नाला दोनदां हात घातला आणि दोन वेळां दोन निराळीं उत्तरें दिलीं. हीं उत्तरें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. बायबलांतील नीतिसूत्रांचा कर्ता हृदयाची राखण सर्वांत आधीं करावयास सांगतो. त्याच ग्रंथांत पुढें यिर्मया संदेष्टा हृदयाइतकें कपटी दुसरें कांहीं नाहीं, असा निर्वाळा देतो. दोन्ही वचनें एकत्र ठेवलीं म्हणजे अडचण ध्यानांत येते. ज्याची राखण करावयाची तें हृदय, आणि राखण करणारेंही हृदयच. ज्याच्या हातीं किल्ल्या द्यावयाच्या तोच फितूर असण्याचा संभव असेल, तर पहारा बसवून उपयोग काय? ख्रिस्ती आत्मपरीक्षणाच्या वाङ्मयांत जें कांहीं थोर आहे आणि जें कांहीं विकृत आहे, तें सारें या एका अडचणींतून निघालें आहे.

बन्यनचा जन्म १६२८ सालीं बेडफर्डजवळच्या एल्स्टो गांवीं झाला. गांवोगांव हिंडून भांडीं सांधण्याचा त्याचा धंदा. शिक्षण नांवाला, लग्नांत बायकोनें आणलेलीं दोन धर्मपर पुस्तकें हीच त्या घराची ग्रंथसंपत्ति. परवान्यावांचून उपदेश केला म्हणून १६६० सालीं त्याला तुरुंगांत घातलें, आणि यापुढें उपदेश करणार नाहीं एवढें वचन देण्याचें त्यानें नाकारल्यामुळें तो बारा वर्षें तेथेंच राहिला. त्या तुरुंगांत ‘ग्रेस अबाउंडिंग’ लिहिलें गेलें. त्यांत बन्यननें आपल्या तरुणपणचें जें चित्र काढलें आहे त्यांत खून नाहीं, दरोडा नाहीं, व्यभिचारही नाहीं. तो आरोप तर त्यानें ठासून नाकारला आहे. शिवीगाळ करण्याची खोड, नाचाची आवड, रविवारीं विटीदांडूसारखा एक खेळ खेळणें आणि देवळाच्या मनोऱ्यांतील घंटा वाजविण्याची हौस, एवढीच काय ती पापांची यादी. खेळांत विटीला एक टोला मारून दुसरा मारणार इतक्यांत आकाशवाणी व्हावी तसा एक प्रश्न त्याच्या अंतःकरणांत घुमला आणि हात वरचेवर राहिला. तो क्षणभर थांबला, आणि आतां सुटका नाहींच तर पोटभर पाप तरी करावें, असें ठरवून पुन्हां खेळूं लागला! येथें कोणीही वाचक हंसल्याखेरीज राहणार नाहीं. परंतु पुढचीं पानें वाचतांना हंसूं ओठांतच राहतें.

घंटेचा प्रसंग पाहा. घंटा वाजविणें हा व्यर्थ छंद आहे असें मनानें घेतल्यावर त्यानें तो सोडला. पण पाहण्याची ओढ सुटेना, म्हणून तो मनोऱ्यांत जाऊन नुसता उभा राहूं लागला. मग शंका आली, घंटा डोक्यावर पडली तर? तो मोठ्या तुळईखालीं जाऊन उभा राहिला. तुळई घंटेला अडवील हें खरें, पण घंटा झोंका खाऊन भिंतीवर आदळली आणि तेथून उसळून अंगावर आली तर? तो दारांत आला. दारांतून बाहेर पळतां येईल. पण सबंध मनोराच कोसळला तर? अखेर त्याला तेथें उभें राहवेना. पापाच्या भयाचें इतकें अचूक वर्णन आमच्या वाचनांत दुसरें नाहीं. भय खोटें आहे असें म्हणवत नाहीं, कारण घंटा खरोखरच जड आहे. आणि खरें आहे असेंही म्हणवत नाहीं, कारण तुळईखालीं उभ्या राहिलेल्या माणसाला भिंतीची काळजी करण्याचें कारण काय? भयाला एकदां आश्रय दिला कीं तें प्रत्येक सुरक्षित जागेंतून माणसाला हांकून काढतें, हा अनुभव बन्यननें कसलीही मीमांसा न करतां केवळ चार पावलांत दाखवून दिला आहे.

याहून कठीण प्रसंग पुढें आहे. ख्रिस्ताला विकून टाकावें, असा एक विचार त्याच्या मनांत येऊं लागला. कशासाठीं विकावें, कोणाला विकावें, कांहीं नाहीं, नुसता विचार. जेवावयास बसला, लांकूड फोडावयास गेला, जमिनीवरची टांचणी उचलावयास वांकला, कीं हें वाक्य कानाशीं हजर. तो तितक्याच वेगानें ‘नाहीं, नाहीं’ म्हणे. घांस हातांत घेतला तरी आधीं उठून प्रार्थना करावी असें वाटे, आणि उठावें तर तेंही सैतानाचेंच सुचविणें असेल अशी भीति! असे कित्येक महिने गेल्यावर एके दिवशीं सकाळीं अंथरुणांत पडल्या पडल्या, थकलेल्या मनांतून, जायचें असेल तर जाऊं दे, असा एक विचार सरकून गेला. झालें! आपण विकलें, आपला एसाव झाला, आतां क्षमा नाहीं, या समजुतीनें पुढचा दीर्घ काळ त्यानें नरकयातनांत काढला.

या माणसानें विकलें कांहींच नव्हतें. रात्रंदिवस पहारा करणारा पहारेकरी थकून एक क्षण पेंगला, एवढाच त्याचा अपराध. आणि आमचें म्हणणें असें आहे कीं तो विचार वेशीबाहेरून आलाच नव्हता, पहाऱ्यानेंच त्याला जन्म दिला होता. एखादा शब्द मनांत येऊं द्यावयाचा नाहीं असा निश्चय केला म्हणजे तो शब्द आला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तरी तो आठवावा लागतो. आम्हीं स्वतः विद्यार्थिदशेंत एक वही ठेवीत होतों. दिवसभरांतील दोषांपुढें रात्रीं फुली मारावयाची. इग्नेशियस लोयोलानें आपल्या साधनेच्या पुस्तकांत रेघा आखून त्यांवर टिंबें देण्याची जी पद्धत घालून दिली आहे तिची आम्हांस तेव्हां वार्ताही नव्हती. प्रत्येक पिढींतील सत्प्रवृत्त मुलांना ती आपोआपच सुचत असावी. कांहीं आठवड्यांत आमच्या ध्यानांत आलें कीं ज्या रात्रीं फुल्या कमी पडत त्या रात्रीं आम्ही वही जरा जास्तच वेळ उघडी ठेवीत असूं. त्या सुखाची फुली कोणत्या रकान्यांत मारावी हें आम्हांस ठरवितां येईना, म्हणून ती वही बंद झाली. ऑगस्टिनच्या ‘कन्फेशन्स’ ग्रंथाच्या दहाव्या भागांत हीच गांठ आली आहे: कीर्तीचा तिटकारा करणाराही आपल्या तिटकाऱ्याची कीर्ति मनांतल्या मनांत गात असतो, असें त्या बिशपनें स्वतःविषयीं कबूल केलें आहे. बन्यनजवळ ऑगस्टिनची विद्या नव्हती. पण आपल्या मनाचा माग काढण्यांत तो तिळमात्र कमी नाहीं.

‘ग्रेस अबाउंडिंग’ मध्यें एकच जागा अशी आहे कीं जेथें ऊन पडलें आहे. भांडीं सांधण्याच्या कामानें तो बेडफर्डांत फिरत असतां तीन चार गरीब बायका एका दारांत उन्हाला बसून ईश्वराविषयीं बोलतांना त्यानें ऐकल्या. आपल्या हृदयाच्या क्षुद्रपणाविषयीं त्या बोलत होत्या, पण आनंदानें बोलत होत्या. हेंच बन्यनला नवें होतें. आपणांस धर्मांतलें पुष्कळ कळतें असें मानणारा हा मनुष्य तेथें मुकाट उभा राहिला. या बायकांचीं नांवें त्यानें दिलेलीं नाहींत. परंतु पुढें सोळा वर्षांनीं त्याला जें दुसरें उत्तर सुचलें त्याचें बीज आम्हांस या दारांत दिसतें.

तें दुसरें उत्तर म्हणजे ‘द होली वॉर’. येथें हृदयाची कथा ‘मी’ सांगत नाहीं. मॅनसोल, म्हणजे मानवात्मा, या नांवाचें एक नगर आहे. आपण त्याला मानसनगर म्हणूं. राजा शद्दाय यानें तें वसविलें. मध्यभागीं बालेकिल्ला, तोच हृदय. भोंवतीं तट, आणि तटाला पांच वेशी: कर्णवेस, नेत्रवेस, मुखवेस, नासिकावेस व स्पर्शवेस. या वेशींची करामत अशी कीं आंतल्या लोकांच्या संमतीवांचून त्या बाहेरून कोणालाही उघडतां येत नाहींत. डायबोलस, म्हणजे सैतान, गोड बोलून आंत शिरतो. नगराध्यक्ष बोधराव याच्या घरापुढें भिंत उभारून तें अंधारांत टाकतो. नगराचा दप्तरदार सदसद्विवेक याला पदच्युत करतो. (हीं मराठी रूपें आमचीं आहेत.) हा दप्तरदार मधूनमधून असा गर्जतो कीं सारें नगर हादरतें, पण म्हातारा वेडा झाला आहे असें लोकांना सांगून डायबोलस त्यांची समजूत घालतो. किल्लेदार मात्र नव्या धन्याला आपण होऊन मिळतो. त्याचें नांव विलबीविल; आम्ही त्याला स्वेच्छाराव म्हणतों. मग शद्दायाचे सरदार वेढा घालतात, अखेर राजपुत्र इम्मानुएल येऊन नगर जिंकतो. वेढे, मोर्चे, बुरूज यांचीं वर्णनें पोथींतून उचललेलीं नाहींत. इंग्लंडांतील यादवी युद्धांत बन्यन सोळा वर्षांचा असतांनाच पार्लमेंटच्या सैन्यांत भरती होऊन न्यूपोर्ट पॅग्नेलच्या ठाण्यांत राहिला होता. मेकॉलेनें या ग्रंथाला, यात्रेकरूचें पुस्तक नसतें तर हेंच सर्वश्रेष्ठ रूपक ठरलें असतें, अशा अर्थाची शिफारस दिली आहे. ती आम्हांस थोडी उदार वाटते, पण तें पुढें.

या रूपकांत बन्यनच्या हातीं जें नवें लागलें आहे तें वेशींच्या योजनेंत आहे. डायबोलसचें पहिलें भाषण लोकांनीं कर्णवेशीवर ऐकलें, आणि तेथूनच नगराचा नाश आंत आला. पुढें शद्दायाचे सरदार येतात तेव्हां त्यांचाही सारा मारा कर्णवेशीवरच असतो, आणि इम्मानुएलही तिच्यांतूनच आंत येतो. ज्या वाटेनें नाश आला तीच कृपेची वाट. तेव्हां सर्व वेशी कायमच्या चिणून टाकणें म्हणजे हृदयाची राखण नव्हे. चिणलेल्या नगरांत राजपुत्राला तरी कोठून येतां येईल? मनोऱ्याच्या दारांत कांपत उभा असलेला तरुण बन्यन हेंच चिणण्याचें काम करीत होता. विटी नको, घंटा नको, विचार नको, शेवटीं घांसही नको. प्रौढ बन्यन वेशी उघड्या ठेवतो आणि तेथें माणसें नेमतो.

दुसरी गोष्ट अशी कीं शत्रूला त्यानें वेशीबाहेर ठेवलें नाहीं. नगर जिंकल्यावरही डायबोलसचे कांहीं लोक तटाच्या भोंकांतून दडून राहतात, आणि पुढें ते जो कट करतात तो या पुस्तकाचा उत्तम भाग होय. तिघे जण वेष पालटून बाजारांत नोकरी शोधावयास निघतात. लोभ आपलें नांव शहाणी काटकसर असें सांगतो, विषयवासना निरुपद्रवी विनोद होते, आणि क्रोध सात्त्विक आवेश बनतो. काटकसरीला लगेच घर मिळतें. आवेशाला ईश्वरभीरु नांवाच्या सज्जनानेंच चाकरीस ठेवलें. मात्र त्याच्या घरांत हें सोंग फार दिवस टिकलें नाहीं. विनोदाला मात्र कांहीं दिवस कोणी विचारीना, कारण नगरांत उपवासाचे दिवस चालू होते. ते संपत आले तसें स्वेच्छारावानें त्याला आपल्या तैनातीस घेतलें! पंचांग पाहून संयम पाळणाऱ्यांवर याहून सौम्य आणि याहून नेमका टोला आम्हीं कोठें वाचलेला नाहीं. चातुर्मासांत कांदा वर्ज्य करणाऱ्या आमच्या घरांनाही तो लागल्यावांचून राहणार नाहीं. या नोकरांना तपासतांना त्यांच्या कामावरून तपासावें लागतें; नांवाची चिठ्ठी पाहून भागत नाहीं. बन्यनची आत्मपरीक्षा येथें विचारांच्या शिकारीवरून उठून घरच्या व्यवहारावर येते, आणि ती आम्हांस अधिक निरोगी वाटते.

तिसरी गोष्ट मेजवानीची. नगर दुसऱ्यांदां संकटांत पडतें तें वेढ्यामुळें पडत नाहीं. सुखनिश्चिंत नांवाचा एक मिश्र कुळींतला, बोलका, उद्योगी गृहस्थ नगराच्या तटाची, सरदारांची आणि राजपुत्राच्या अभिवचनांची इतकी स्तुति करूं लागतो कीं लोक पहाऱ्याची आठवण विसरतात. राजपुत्र रागावत नाहीं. तो आपल्या भेटी कमी करतो, मग बालेकिल्ला सोडतो, वेशीपाशीं येऊन थोडा थांबतो, आणि निघून जातो. नगराला पत्ता नसतो. त्याच गृहस्थाच्या घरीं भरल्या पंगतींत ईश्वरभीरु एकच प्रश्न विचारतो: राजपुत्राचा तुम्हांला कांहीं निरोप येऊन किती दिवस झाले? पंगत थंड पडते. लोक धांवत जाऊन यजमानाचें घर त्याच्यासकट जाळतात, आणि राजपुत्राला विनवण्या पाठवितात. त्यांना बराच काळ उत्तर येत नाहीं. रागाच्या भरांत जाळलेल्या त्या घरानें कांहींच साधलें नाहीं, हें बन्यननें न बोलतां दाखविलें आहे. मग संशयाची फौज चाल करून येते आणि कमकुवत असलेली स्पर्शवेस फोडते. मूळच्या इंग्रजी नांवांत स्पर्श आणि भावना हे दोन्ही अर्थ आहेत. नगर पडतें, बालेकिल्ला मात्र टिकतो, आणि त्याच्या दारावर पहारेकरी असतो तो ईश्वरभीरु. अंथरुणांत सरकून गेलेल्या त्या एका विचारानें सर्वस्व गेलें असें मानणाऱ्या माणसानें सोळा वर्षांनीं स्वतःला दिलेलें हें उत्तर आहे. वेस फुटली होती. बालेकिल्ला गेला नव्हता.

आमच्या वाचकांना येथें ‘प्रबोधचंद्रोदय’ आठवेल. कृष्णमिश्रानें अकराव्या शतकांत लिहिलेल्या त्या संस्कृत नाटकांतही विवेक आणि महामोह यांच्या सेना लढतात, आणि दोघेही मनाचेच पुत्र, सावत्र भाऊ. देहाला नऊ दारांचें नगर म्हणण्याची चाल तर गीतेइतकी जुनी आहे, आणि समर्थांनीं मनाशीं दोनशेंहून अधिक श्लोकांत संभाषण केलें आहे. तेव्हां रूपकाचें सामान आम्हांस परकें नाहीं. फरक शेवटांत आहे. नाटकांत मोहाचा पाडाव होऊन बोधाचा चंद्र उगवतो आणि पडदा पडतो. बन्यनच्या पुस्तकाच्या शेवटीं इम्मानुएल नगरवासीयांना सांगतो कीं तटांतील उरलेले शत्रु मीं मुद्दाम राहूं दिले आहेत. ते आहेत म्हणून तुम्ही जागे राहाल आणि मला हांक माराल. लढाई संपलीच नाहीं. नाटक म्हणून कृष्णमिश्राचा शेवट सरस, यांत शंका नाहीं. परंतु ज्यांना दुसऱ्या दिवशीं उठून पुन्हां त्याच घरांत वावरावयाचें आहे अशांना बन्यनचा शेवट जास्त ओळखीचा वाटेल.

इतकें सांगितल्यावर दोषही सांगितले पाहिजेत. पुस्तक लांबलें आहे. सृष्टीची उत्पत्ति, मनुष्याचें पतन, एका जिवाचें परिवर्तन आणि बन्यनच्या काळचें इंग्लंडांतील नगरांचें राजकारण, इतक्या गोष्टी एकाच तटाच्या आंत कोंबल्यामुळें कोणता सरदार कशाचें प्रतीक हें मध्येंच सुटतें. नांवांची तर खोगीरभरती आहे. न्यायालयाचे प्रसंग पहिल्यानें बहारीचे वाटतात (खोटी शांति नांवाचा आरोपी माझें नांव नुसतें शांति, असें शपथेवर सांगतो!), पण पुढें पुढें कंटाळा येतो.

याहून मोठा दोष असा कीं या नगरांत माणूस राहत नाहीं. बोध आहे, इच्छा आहे, विवेक आहे, भीति आहे. पण ज्याचीं हीं सर्व आहेत तो कोठें आहे? यात्रेकरू चिखलांत रुतला तेव्हां आपले पाय जड झाले होते. मानसनगर पडतें तेव्हां आपण नकाशा पाहत असतों. सहाव्या एका वेशीची उणीव आम्हांस या नकाशांत सारखी भासते. तुरुंगांत जातांना बायकोला आणि मुलांना सोडणें म्हणजे हाडांपासून मांस सोलून काढण्यासारखें होतें, असें बन्यननें आधींच्या पुस्तकांत लिहिलें आहे. त्यांतही आंधळी मेरी. तिला थंडी लागेल, तिला कोणी मारील, ही कल्पनाही त्याला सोसवत नसे. नाड्यांच्या टोकांना पत्र्याच्या टिकल्या बसवून तो तुरुंगांतून घर चालविण्याची खटपट करी. हें प्रेम कोणत्या वेशीनें आंत आलें? ‘होली वॉर’च्या शास्त्राप्रमाणें तें मित्र कीं शत्रु? त्याच्यापुढें नमून वचन दिलें असतें तर तो त्याच दिवशीं घरीं गेला असता. म्हणजे बालेकिल्ल्यावरचा सर्वांत मोठा हल्ला या निष्पाप मुलीच्या रूपानें झाला. हल्लेखोरांचीं नांवें ठेवण्यांत कधीं न थकणाऱ्या बन्यनला या हल्ल्याला नांव देतां आलें नाहीं, आणि नगराची वस्ती मोजतांना त्यानें तिला गाळली. तें त्याच्याच्यानें झालें नसावें, असें आम्हांस वाटतें.

म्हणून या दोन पुस्तकांपैकीं एकच वाचा असें आम्हांस सांगतां येत नाहीं. ‘ग्रेस अबाउंडिंग’ लहान आहे. तें सबंध वाचावें, पण ज्याचें मन आधींच शंकेखोर आहे त्यानें तें रात्रीं वाचूं नये. ‘होली वॉर’चा आरंभीचा वेढा भरभर चाळला तरी चालेल. राजपुत्र वेशीपाशीं येऊन थांबतो तेथून मात्र सावकाश वाचावें, आणि स्वेच्छारावाच्या नव्या नोकराची हकीकत घरांत मोठ्यानें वाचून दाखवावी. मुलें हंसतील, आणि वडील मंडळींपैकीं कोण हंसत नाहीं तें पाहून ठेवावें.